सातबारा माझ्या नावावर हाय

बुधवार, २२ जानेवारी

सृष्टी,

आशीर्वाद वगैरे लिहीत न्हाय. तो असतोच, तू घेतलास काय न् न्हाय काय. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र हाय, चुका काढत बसू नको.

धाराशिवला कोर्टापुढं वैदेहीचं झेरॉक्सचं दुकान हाय, तिथं स्टुलावर बसून लिहितीय. फोन करत न्हाय, कारण माझा फोन तुझे बाबूरावकाका रोज मागून घेतात आन् कुणाला लावला ते बघतात. वैदेही तुझी मैत्रीण, तिला तुमी कुठं ऱ्हाता ते माहीत हाय. मला सांगू नको म्हणून मीच तिला पयल्या दिवशी बजावलंय. ती हे पाकीट तुला पोचवंल.

तुझा बाप जेलात हाय. तुला नवं न्हाय, फिर्याद तुमचीच. कच्चा कैदी म्हणतात त्याला, म्हंजे खटला उभा ऱ्हायचा हाय. बुधवारी भेट असते. आजची माझी तिसरी. पयल्या बुधवारी आधारकार्ड घरीच राहिलं. शिपाई आत सोडंना. म्या म्हणलं, "चोवीस वर्षं त्या माणसाच्या भाकरी थापल्या, माझ्याइतकं कोण वळखतंय त्याला?" तो म्हणला, "मावशी, भाकरीवर फोटू नसतो." गेले तशी परत आले. दुसऱ्या बुधवारी आधार, आधारची झेरॉक्स, सगळं नेलं.

बाकड्यावर शेजारी एक सिद्धम्मा म्हणून बसते. उमरग्याकडची हाय, निम्मं कानडी बोलती. मला म्हणली, "नवी हैस काय गं? आत कोण हाय तुझं?" म्या म्हणलं, नवरा. "मंग बरं हाय की. नवरा आत असला की घरी निवांत झोप. माझं लेकरू हाय आत." आन् पानाची पिशवी पुढं केली. त्या बाईशिवाय तिथं कुणाशी बोलावं असं माणूस न्हाय.

तुझ्या बापानं पयल्यांदा तंबाखू मागितली. मिळत न्हाय आत. मंग म्हणला, तूर झाली का? झाली म्हणलं. संपलं बोलणं.

आता तुझं. तू पोलिसांपुढं सांगितलंस, आईनंच बोलावून घेतलं, आई सामील हाय. बोलावलं म्या, व्हय. येळवस होती, रानातल्या पूजेची अमावस्या. येळवसेला शिवारात आलेला माणूस वैरी असला तरी त्याला जेवल्याबिगर कुणी जाऊ देत न्हाय, हे मी ल्हानपणापासनं बघत आले. बापाला न विचारता तुमी लग्न करून आठ महिने झाले होते, घरी बोलवायची माझी टाप नव्हती. रानात, कडब्याच्या कोपीपुढं, पांडवांच्या दगडांची पूजा झाल्यावर पंगत पडली की तुझा बाप गप बसंल असं मला वाटलं. चुकलं. पर मार म्या बोलावला न्हाय. तुमी येणार ते त्याला आधी कसं कळलं ते मला विचारू नको.

तुझ्या नवऱ्याचा, नंदीशचा पाय कसा हाय? सळई घातली का? डोक्याचे टाके वाळले का? वैदेहीला तोंडी सांगितलंस तरी चालंल.

तुझी आई, म्हणायचं तर.


बुधवार, १२ फेब्रुवारी

सृष्टी,

वैदेही म्हणली, तू पत्र वाचलंस आन् घडी घालून ठेवलंस. बोलली काही न्हाईस. बरं. फाडलं न्हाईस ते बी लई झालं.

जेलात नाडी चालत न्हाय. पयल्यांदा नेलेल्या पायजम्याची नाडी काढून माझ्या हातात दिली. आता सगळ्या पायजम्यांत इलास्टिक घातलंय. तुझा बाप म्हणला, "बारक्या पोरागत केलंस की मला." म्या म्हणलं, "तुमीच करून घेतलंत." हसला. सिद्धम्माला सांगितलं तर ती म्हणली, "हसतोय? मंग जेवतोय म्हण की." तिचा ल्योक जेवत न्हाय.

एक गंमत लिहिते. चोवीस वर्षांत आमी दोघं समोरासमोर बसून वीस मिनिटं कधी बोललो नव्हतो. घरी त्यो जेवायचा, मी वाढायचे. मान खाली घालून. इथं काचेच्या अलीकडं मी, पलीकडं त्यो, दोघांच्या कानाला फोन. दुसरीकडं बघायला जागाच न्हाय. त्याच्या भुवईवर एक पांढरा केस हाय, ते मला आत्ता कळलं.

विचारतो, हरभरा कितपत आला, म्हैस व्याली का. मंग शेवटी, उठता उठता, "पोरगी कुठं ऱ्हाती?" म्या म्हणलं, ठाऊक न्हाय. "काढ की हुडकून. बाप हाय मी तिचा." गेल्या बुधवारी बी असंच. मला वाटतं काळजी लागलीय त्याला.

आता स्पष्ट लिहिते. वकील म्हणतात, तू आन् नंदीशनं तडजोडीचा कागद करून दिला तर काम हलकं होईल. तू सही करावीस असं मला वाटतं. त्याच्याकडं बघून न्हाय म्हणत. माझ्याकडं बघ. हरभरा काढायला मी एकटी, बाबूरावकाका दिवसभर पारावर बसून पुढारपण करतात, तुझी आजी उठता बसता माझ्या नावानं खडे फोडती. राग आला तर येऊ दे. गोड लिहिता येत न्हाय मला.

आई


बुधवार, १९ मार्च

सृष्टी,

तुझा निरोप मिळाला. दोन महिन्यांत पयलाच, आन् तो बी एवढासा: तिला विचार, बापाला कुणी सांगितलं.

म्या सांगितलं.

येळवसेच्या आदल्या दिवशी सकाळी. भज्जीच्या भाजीसाठी मी पावट्याच्या शेंगा सोलत होते, त्यो शेजारी विळा घासत होता. माझ्या तोंडात काही ऱ्हात न्हाय, तुला ठाऊक हाय. म्या म्हणलं, उद्या दोन माणसं जास्त जेवायला. कोण, म्हणला. म्या तुमची नावं घेतली. विळा थांबला. मंग म्हणला, "येऊ दे. येळवस हाय. आंबील जास्त कर." इतकं मऊ बोलला की मला वाटलं, मिटलं. लग्न झाल्यापासनं त्यानं माझ्याशी असं बोललेलं मला आठवत न्हाय. मी आंबील जास्त केली. वाफवलेले उंडे बी जास्त केले. बाजरी पुरली न्हाय म्हणून शेजारणीकडनं आणली.

कुऱ्हाडीचा दांडा त्यानं कोपीतल्या कडब्याखाली आधीच ठेवला होता. त्याच कडब्यावर म्या चादर अंथरली, नंदीशला बसायला.

हे पोलिसांना सांगितलं न्हाय. वकिलाला न्हाय. सिद्धम्माला सांगितलं, कारण तिला कुणाचं काही वाटत न्हाय. तिनं तोंडातलं पान थुंकलं आन् म्हणली, "मऊ बोलला म्हणतीस? माझा माणूस बी मारायच्या आधी तसाच बोलायचा. तवा मी चूल विझवून बाहेर जाऊन बसायची." मला हे चोवीस वर्षांत कुणी शिकवलं न्हाय. माझ्यावर त्यानं कधी हात उचलला न्हाय, म्हणून असंल.

तू म्हणलीस आई सामील हाय. आता तूच बघ सामील म्हणायचं का काय. मी त्यात पडत न्हाय.

मागं सही कर म्हणून लिहिलं होतं, ते सोड. दोषारोपपत्र का काय ते कोर्टात गेलंय. होईल ते होईल. त्यो आता दर वेळी डोळ्यांत पाणी आणतो. "येऊ दे की पोरीला घरी, मिटवू," म्हणतो. त्यो म्हणतो तवा माझं लक्ष त्याच्या हाताकडं जातं. रिसीव्हर धरलेला असतो.

आई


बुधवार, ९ एप्रिल

सृष्टी,

जामीन मंजूर झाला. घाबरू नको, अजून आतच हाय. सगळं लिहिते, नीट वाच.

कोर्टानं अटी घातल्यात. तुमच्या वाटंला जायचं न्हाय, तुमी ऱ्हाता त्या गावात पाय ठेवायचा न्हाय. कागदावर बरं दिसतं. येळवसेला आलेल्याला हात लावायचा न्हाय, ही बी तसलीच अट होती की.

पर सुटायला जामीनदार पायजे, आन् जामीनदाराच्या नावावर जमीन पायजे. बाबूरावकाका छाती काढून पुढं गेले. कोर्टात कळलं, त्यांनी आधीच त्यांच्या मेव्हण्याला वाळूच्या केसमधी जामीन दिलाय, त्यांचा सातबारा तिथं अडकलाय. गावात मोठ्यानं बोलणारे लई हायत, पर सातबारा घेऊन कोर्टात उभं ऱ्हायची वेळ आली की एकाच्या पोटात दुखतं, दुसऱ्याची सोयरीक असते. राहिलं कोण? मी.

अडीच एकर माझ्या नावावर हाय. तुझ्या बापानंच केली, प्रेमानं न्हाय. कसल्याशा सरकारी योजनेत बाईच्या नावावर रान असलं की लवकर नंबर लागतो म्हणाले, म्हणून केली. सही करायला मला तहसीलला नेलं आन् येताना रसवंतीवर थांबून त्यो एकटाच रस प्याला. मी पिशवी धरून उभी होते. तवा कुणाला वाटलं होतं त्या सहीला कधी किंमत येईल.

काल सकाळी घरात बैठकच बसली. बाबूरावकाका म्हणले, "वैनी, सातबारा काढलाय. तहसीलचा ऐपतीचा दाखला बी मी आणतो. तुमी फक्त कोर्टात उभं ऱ्हायचं."

म्या म्हणलं, "बघू."

"बघू काय? त्यात बघण्यासारखं काय हाय?"

"दादा, उभं मला ऱ्हायचंय. बघू मीच म्हणणार."

तुझी आजी भिंतीला टेकून बसली होती. तिला कमी ऐकू येतं, पर हे आलं. "नवरा आत सडतोय आन् ही बघू म्हणती! कुकवाची तरी लाज धर गं सटवे."

"आत्याबाई, कुकू माझं हाय. रान बी माझंच हाय. दोन्हीचं काय करायचं ते मला बघू द्या की."

बाबूरावकाका म्हणले, "आज लई जोर आलाय वैनीला."

"जोर न्हाय आला. सातबारा आलाय."

भांडण वाढायला नको म्हणून मी म्हणलं, येडाईची यात्रा होऊ द्या, मंग सांगते. यात्रेचं नाव घेतल्यावर आजीनं हात जोडले. देवीपुढं तिचं बी चालत न्हाय.

खरं सांगू? मला सही करायची बी हाय. बाई म्हणून एकटीनं रान करणं काय असतं ते मी ह्या तीन महिन्यांत बघितलं. मोटार जळाली तर कुणी खोलून बघत न्हाय. रस्त्यानं जाणारा बघून जातो. आन् त्यो सुधारला बी असंल, कोण सांगावं. माणूस हायच की. पुढच्या बुधवारी मी त्यालाच विचारणार. आडून न्हाय, सरळ.

आई


बुधवार, १६ एप्रिल

सृष्टी,

यात्रा झाली. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी देवीच्या नावानं चुन्याचे खडे वेचायचा रिवाज हाय, ते वेचायला गेले. एवढी गर्दी की माझ्या पायावर माणसं उभी ऱ्हात होती. देवीला काही मागितलं न्हाय. मागायचं काय? नवरा का पोरगी, असं तिच्यापुढं ठेवायला मला लाज वाटली.

आज भेट होती. सांगते तसंच वाच, म्या त्यात काही घातलं न्हाय.

म्या विचारलं, "बाहेर आल्यावर काय करणार?"

"काय करणार म्हंजे? रान बघणार."

"आन् पोरगी?"

"पत्ता मिळाला का?"

"न्हाय."

"त्या वैदेहीला ठाऊक असंल. तू तिच्या दुकानात बसतीस. बाबूराव सांगत होता."

"झेरॉक्सला बसते. तुमच्याच कागदांच्या."

रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मंग एकदम मऊ आवाज. "सत्यभामा." मला नावानं कधी हाक मारत न्हाय त्यो. "येऊ दे की तिला. मी काय राक्षस हाय का? मिटवू. तू पत्ता काढ, आन् कोर्टात उभी ऱ्हा. दोन कामं कर फक्त."

म्या म्हणलं, "आन् नंदीश?"

"त्याचा कुठला पाय मोडला, डावा का उजवा?"

"डावा."

"मंग उजवा हाय की अजून." आन् हसला.

रागात म्हणला असता तर मी सोडून दिलं असतं. रागात माणूस काय बी बोलतो, मी बी बोलते. पर त्यानं गमतीत म्हणलं, घरी कुणी पाव्हणा आल्यावर बोलावं तसं. वीस मिनिटं व्हायची होती. म्या रिसीव्हर ठेवला. काचेपलीकडं त्याचं तोंड हलत होतं, ऐकू काही आलं न्हाय.

सिद्धम्मानं बाकड्यावरनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, "चूल विझवली काय?" म्या म्हणलं, व्हय.

तिथनं वकिलाकडं गेले. टेबलावर माझा सातबारा होता, दाखला बी तयार होता. म्या तो कागद उचलून पिशवीत घातला. वकील म्हणले, "बाई, विचार करा. जामीन मिळूनसुद्धा माणूस आत राहील. सडेल तिथं."

"सडू देणार न्हाय. दर बुधवारी धुतलेली कापडं नेते."

"म्हणजे भेटायला जाणार, आणि जामीन देणार नाही?"

"व्हय."

"असं कसं?"

"त्यो माझा नवरा हाय म्हणून भेटायला जाणार. आन् त्याला मी वळखते म्हणून जामीन देणार न्हाय."

येळवसेचं बी सांगितलं त्यांना. दांडा आधीच ठेवला होता, म्या त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं, सगळं. ते म्हणले, "हे मला सांगू नका, मी तुमच्या नवऱ्याचा वकील आहे." मंग खाली उतरून सरकारी वकिलाचं ऑफिस विचारलं. तिथं एका मॅडमनं ऐकून घेतलं आन् पुढच्या हप्त्यात जबाबाला या म्हणल्या. जाणार. त्यात मी वाईट दिसले तर दिसले.

आई


मंगळवार, २९ एप्रिल

सृष्टी,

जबाब दिला. त्याच मॅडमनं वाचून दाखवला, मंग म्या सही केली. न वाचता कशावर बी सही करायची सवय होती, ती मोडली.

घरी कळायचं ते कळलं. आजीनं माझी पेटी अंगणात आणून ठेवली. घर तिच्या नावावर हाय, तिचा हक्क हाय. रान माझ्या नावावर हाय, माझा हक्क हाय. पेटी डोक्यावर घेतली आन् रानात आले. पत्र्याच्या शेडात म्हशीच्या शेजारी ऱ्हाते. म्हैस बरी हाय, कुणाकडं बघत न्हाय. बाबूरावकाका दोनदा बांधावर येऊन ओरडून गेले. बोलतो लई, करत काही न्हाय त्यो माणूस. तरी अनोळखी नंबरचा फोन उचलू नको. वैदेहीच्या दुकानाकडं मी आता फिरकत न्हाय. पाकीट तिच्या घरी, तिच्या आईजवळ देते. उमाबाई म्हणून हायत, भल्या हायत.

गेल्या बुधवारी तुझा बाप भेटीला आलाच न्हाय. शिपाई म्हणला, यायला नको म्हणतोय. म्या कापडं दिली, मळकी परत मागितली. मळकी मात्र दिली त्यानं. उद्या परत जाते. आला तर बोलू, न्हाय तर कापडं देऊन येईन.

त्यो कायम आत ऱ्हाईल असं समजू नको. वकील दुसरा जामीनदार हुडकतायत, आज ना उद्या मिळंल. तुमच्या गावातल्या पोलीस चौकीत एक अर्ज देऊन ठेवा, अटींच्या कागदाची झेरॉक्स जोडून. झेरॉक्स ह्या पाकिटात हाय.

आता तुझ्या पत्राचं.

काल वैदेहीच्या घरी मिळालं. वैदेही म्हणली, काकू, वर पत्ता लिहिलाय, तिनं तुम्हाला बोलावलंय. म्या म्हणलं, आधी तेवढा कापून काढ. उमाबाई म्हणल्या, "अहो, लेकीचा पत्ता हाय, चोरीचा माल न्हाय." म्या म्हणलं, कापा. वैदेहीनं कात्री आणली. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले, कापल्याचा आवाज येईपत्तर. तो तुकडा तिनं चुलीत घातला, तोवर मी वळले न्हाय.

बाकीचं तीनदा वाचलं. नंदीश काठी घेऊन दुकानापत्तर चालतो, जळालेल्या मोटारींची तार भरायला बसतो, हे कळलं. सहावा महिना लागलाय हे बी कळलं. त्यावर काय लिहायचं ते मला सुचत न्हाय, म्हणून लिहीत न्हाय.

शेवटी तू विचारलंस, आई, कधी येतीस.

येत न्हाय. तुला वाटंल ह्या बाईला अजून नवराच पायजे. तसं समज. मला काही ठाऊक झालं की ते तोंडातनं निघतं, आन् न्हाय निघालं तर त्यो माझ्या तोंडावर वाचतो. काच असली तरी वाचतो. मला पत्ता ठाऊक न्हाय तोवर मी त्याच्यापुढं बसू शकते.

बाळंतपणाला उमाबाईंना पाठवते. त्यांनी हो म्हणलंय. त्या आल्या की त्यांच्याजवळ बाळाला दे, आन् त्या परत आल्या की मी त्यांच्या हाताला हात लावंन, म्हंजे झालं.

पत्र लिहीत जा. वर काही लिहू नको, खाली लांब लिही. मला वाचायला वेळ लागतो, आन् हितं रानात वेळ लई हाय.

आई